अण्णा आणि मी, एका केबिनमध्ये

शुक्रवार, संध्याकाळ
जहाजावरून

प्रिय बाईसाहेब,

हॉटेलच्या पत्त्यावर माझं पाकीट बघून दचकू नकोस. सगळे धडधाकट आहेत. पत्र लिहायचं कारण एवढंच की फोनवर अण्णांचं नाव काढलं की तुला अचानक ऐकू येईनासं होतं. 'हॅलो, हॅलो, आवाज तुटतोय' करत तू फोन ठेवून देतेस. पत्राला ती सोय नाही. फाडून टाकता येईल, पण त्याआधी तू ते वाचशील. औषधाच्या खोक्यातला बारीक अक्षरांचा कागदसुद्धा शेवटपर्यंत वाचणारी बाई तू.

तर बातमी अशी, की मी तुझ्या वडिलांबरोबर जहाजावर आहे. तीन दिवसांची सफर. एकाच केबिनमध्ये.

हस, हस. मलाही अजून खरं वाटत नाहीये.

झालं असं. गेल्या रविवारी दाराची बेल वाजली. बघतो तर अण्णा. लाँड्रीचं दुकान विकल्यापासून आपल्या घराची पायरी चढले नव्हते, ते त्या दिवशी कडक इस्त्रीच्या शर्टात उभे. आत या म्हटलं, आले नाहीत. पाणी देऊ का विचारलं, नको. म्हणाले, "शुक्रवारपासून ग्रंथालयातून रजा मिळेल का?"

मी म्हटलं, "मिळेल. का?"

"जहाजाची दोन तिकिटं आहेत. एक वाया चाललंय."

"कोण येणार होतं?"

"होतं कुणीतरी," असं म्हणून ते जिन्याकडे वळलेसुद्धा. तीन पायऱ्या उतरल्यावर मागे न बघताच म्हणाले, "स्वेटर घ्या, पुस्तकवाले. समुद्रावर वारा असतो."

जहाज म्हातारं आहे. एवढा मोसम संपला की भंगारात निघणार, म्हणून तिकिटं स्वस्त. कठड्यांवर रंगाचे इतके थर चढलेत की कुठे कोपरा म्हणून उरलेला नाही. लिफ्टला जाळीचं सरकतं दार आहे आणि ती मजल्यावर थांबत नाही, मजल्याच्या आसपास कुठेतरी थांबते. अण्णा बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "वयच झालं तिचं. उगाच बोलू नये." मग जिन्याने गेले.

आमच्या केबिनमध्ये दोन पलंग, मध्ये एक माणूस आडवा सरकेल एवढी जागा, आणि न उघडणारी गोल खिडकी. एकाने कपडे बदलायचे तर दुसऱ्याने समुद्र बघायचा, असा आमचा न बोलता करार झालाय. टेबलावर जहाजाकडून एक स्वागताचं कार्ड होतं. त्यावर सुंदर वळणदार अक्षरात लिहिलं होतं, 'बाबा आणि लेक यांचे स्वागत.'

केबिनची व्यवस्था बघणारे काका टॉवेल घेऊन आले. त्यांनी कार्ड बघितलं, मग माझ्या मिशा बघितल्या.

"लेक कुठाय?" त्यांनी विचारलं.

अण्णांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "हीच समजा."

काका तोंड दाबून बाहेर पळाले. मीही हसलो. अण्णा हसले नाहीत. त्यांनी ते कार्ड उचललं, शर्टाच्या खिशात ठेवलं आणि वर उगाच हात फिरवला. वाया चाललेलं तिकीट कुणाचं होतं ते मला तेव्हा कळलं.

तू लगेच नाक फुगवू नकोस. आधी पुढे वाच.

चहाच्या वेळी अण्णा गायब. वरचे डेक पालथे घातले, नाहीत. शेवटी वासावर गेलो. साबण आणि गरम कापडाचा तो वास, तुझ्या केसांना पूर्वी यायचा तोच. जहाजाच्या अगदी तळाच्या मजल्यावर लाँड्री आहे आणि अण्णा तिथे उलट्या घातलेल्या टोपलीवर बसून लाँड्रीच्या मुख्य बाईंशी भांडत होते. बाई उंच, दणकट, बाह्या दंडापर्यंत दुमडलेल्या. भांडण खळीवरून. बाईंचं म्हणणं, टेबलक्लॉथला खळ घट्टच हवी. अण्णांचं म्हणणं, घट्ट खळीचा टेबलक्लॉथ म्हणजे टेबलावर अंथरलेला पुठ्ठा.

"माझी मुलगी," अण्णा त्यांना सांगत होते, "एवढाले टेबलक्लॉथ एकटी घडी घालते. जमिनीला टोक लागत नाही. मोठ्या हॉटेलात सगळं कापड तिच्या हाताखाली आहे."

आता तू विचारशील, की अण्णांना हे कसं कळलं? मी तर सांगितलेलं नाही. मग तुझ्या हॉटेलात काय चाललंय याची चौकशी हा माणूस कुणाकडे करतो, ते तूच शोध.

तुझा,
मिशीवाली लेक


शनिवार, दुपार
अजून जहाजावरच, आणि जहाज अजून तिथेच

प्रिय चुणी,

सापडलीस! इतकी वर्षं संसार केला आणि घरात तुला काय म्हणायचे ते मला एका परक्या बाईसमोर कळलं. सकाळी चहा पिताना अण्णा लाँड्रीच्या बाईंना सांगत होते: तू लहानपणी दुकानातल्या कपड्यांच्या ढिगात झोपायचीस आणि उठलीस की गालावर कापडाच्या चुण्या उमटलेल्या असायच्या. गिऱ्हाईकं हसायची. मग अण्णा हाताचा तळवा गरम करून तुझा गाल 'इस्त्री' करायचे. हे सांगताना त्यांनी हवेतच तळवा फिरवला. तुझा गाल तेवढ्याच उंचीवर असणार तेव्हा.

हे तू मला का सांगितलं नाहीस? मी कितीतरी भांडणं यावर जिंकलो असतो.

बरं, जहाज. पहाटेपासून इंजिन बंद आहे. कप्तानांनी भोंग्यावरून सांगितलं, "काळजीचं कारण नाही, थोडी दुरुस्ती चालू आहे." त्यानंतर गार हवा बंद झाली, मग गरम पाणी, मग लिफ्ट. सगळे प्रवासी डेकवर येऊन जेवणाच्या यादीच्या पुठ्ठ्यांनी वारा घेताहेत. पण समुद्र असा शांत आहे की कुणाला धड रागही येत नाहीये. एक आजोबा सारखे सांगताहेत, की त्यांनी याच जहाजावर लग्नाची बोलणी केली होती. आजी सारख्या सांगताहेत, की ते जहाज वेगळं होतं.

अण्णा मजेत होते. पहाटे इतके घोरत होते की मला वाटलं इंजिन चालू आहे. सकाळी मी तक्रार केली तर म्हणाले, "इंजिन बंद पडल्यावर कुणीतरी चालवायला नको का?" हा विनोद होता, बाईसाहेब. तुझ्या वडिलांनी मला उद्देशून केलेला पहिला विनोद. मी तारीख लिहून ठेवली आहे.

लाँड्रीतल्या एका माणसाला उकाड्याने चक्कर आली, तो आडवा झाला. आज रात्री कप्तानांची मेजवानी, आणि कपड्यांचा ढीग तसाच. इस्त्रीपुरती वीज मिळत होती. मग अण्णांनी बाह्या दुमडल्या. मीही गेलो, नॅपकिनच्या घड्या घालायला. माझ्या घड्या बाईंनी परत उलगडल्या, त्याबद्दल अधिक लिहीत नाही.

अण्णांच्या बोटाला जरा भाजलंय. जहाजावर डॉक्टर आहेत, त्यांनी पट्टी बांधली. तुला सांगितलं नाही असं नको म्हणून लिहिलं.

आत्ता ते डेकवर एकटेच बसलेत. मी जातो त्यांच्याजवळ. बाकी सगळं छान.

तुझा


रविवार, सकाळ
जहाजावरून

प्रिय चुणी,

काल मी 'जरा भाजलंय' असं लिहिलं. जरा नाही. आणि नुसतं भाजलंय एवढंच नाही. नीट बसून वाच. हॉटेलातल्या लोकांना म्हणावं, दहा मिनिटं कुणी दार वाजवू नका.

काल लाँड्रीत अण्णांनी आधी टेबलक्लॉथ केले. मग दारामागे कप्तानांचा पांढरा कोट टांगला होता, मेजवानीचा. बाई म्हणाल्या, तो मी करीन. अण्णा म्हणाले, "कोट माझ्यावर सोडा." आणि घेतलाच. मी समोर बसलो होतो. ते डाव्या हाताने बाही ताणून धरत होते, उजव्या हाताने इस्त्री फिरवत होते, आणि मला तुमच्या दुकानातल्या कुठल्यातरी नवरदेवाच्या कोटाची गोष्ट सांगत होते. छान रंगली होती. तेवढ्यात मला दिसलं, की इस्त्री त्यांच्या डाव्या करंगळीवर टेकलेली आहे.

टेकलेली. आणि ते बोलत होते. हसत होते.

मला एक क्षण कळेचना. गरम नसेल, असंच वाटलं. मग वास आला. मी ओरडलो आणि बाईंनी खसकन वायर ओढली. अण्णांनी आधी आमच्याकडे बघितलं, मग इस्त्रीकडे, आणि सगळ्यात शेवटी हाताकडे. कोटाच्या बाहीवर इस्त्रीच्या टोकाचा तपकिरी डाग पडला होता. त्यांनी करंगळी नाही बघितली, डाग बघितला. "गेला," म्हणाले. "कोट गेला."

डॉक्टरांनी पट्टी बांधताना विचारलं, "कधीपासून कळत नाही बोटांना?"

अण्णा म्हणाले, "आत्ताच. घाईत झालं."

डॉक्टर बाई तरुण होत्या पण खमक्या. त्यांनी एक पेन घेतलं, अण्णांना डोळे मिटायला सांगितले आणि बोटांना टोचत गेल्या. "आता? आता? आणि आता?" दोन्ही हातांची मधली तिन्ही बोटं आणि करंगळी, काहीच नाही. अण्णा डोळे मिटून बसले होते आणि दर वेळी अंदाजाने "हो" म्हणत होते. टोचलेलं नसतानाही. मला ते बघवलं नाही, मी भिंतीवरचा समुद्राचा नकाशा वाचत उभा राहिलो.

"दुकान विकायच्या आधीपासून," शेवटी ते म्हणाले. डॉक्टरांना नाही, मला. "चुणीला सांगू नका."

मग दुपारी डेकवर त्यांनी सगळं सांगितलं. मी त्यांच्याच शब्दांत लिहितो.

"आधी बोटं बधिर व्हायला लागली. म्हटलं, वयाने होत असेल. मग कपडे जळायला लागले. एखादी कॉलर, एखादी साडी. मी गिऱ्हाइकाला परस्पर नवीन घेऊन द्यायचो, चुणीला कळू द्यायचो नाही. एकदा संध्याकाळी इस्त्री तशीच चालू राहिली. टेबलावरची गादी धुमसायला लागली. चुणी मागच्या खोलीत कपडे लावत होती, दार लोटलेलं. मला हाताला धग लागायला हवी होती, लागलीच नाही. धूर दिसला तेव्हा कळलं. पाणी ओतलं, खिडकी उघडली. तिला सांगितलं, की वायर जळली. तिनेच मला पंख्याने वारा घातला. म्हणाली, 'अण्णा, किती घाम आलाय तुम्हाला.' त्यानंतर मी तिला त्या दुकानात एक दिवसही ठेवू शकत नव्हतो."

मी विचारलं, "मग सांगितलं का नाही तिला?"

"सांगितलं असतं तर तिने काय केलं असतं? तुम्ही नवरा आहात, सांगा."

तू काय केलं असतंस ते मला माहीत होतं.

"तिने दुकानही ओढलं असतं आणि मलाही," अण्णा म्हणाले. "मला खुर्चीवर बसवलं असतं आणि रोज दोन माणसांचं काम केलं असतं. तुमचं नुकतंच लग्न झालेलं. मी म्हटलं, विकून टाकू. रागावेल, चार दिवसांनी विसरेल."

"विसरली नाही."

"नाही विसरली." त्यांनी पट्टीचं सुटलेलं टोक आत खोचलं. "तिने मला विचारलं होतं, 'मुलगा असता तर विकलं असतंत का?' मी उत्तर दिलं नाही. तेव्हा खरं बोललो असतो तर सगळंच बोलावं लागलं असतं. म्हणून गप्प बसलो. आणि तिला वाटलं, की तेच उत्तर."

चुणी, मी त्यांची बाजू घेत नाहीये. मी त्यांना तोंडावर सांगितलं, "अण्णा, चुकलंच तुमचं. दुकान तुमचं होतं पण काम तिचंही होतं. विचारायला हवं होतं."

मला वाटलं आता जहाजावरून उडी मारायची पाळी माझी. पण ते म्हणाले, "हो. चुकलंच." एवढंच. आणि पट्टी बांधलेला हात मांडीवरून उचलून माझ्या गुडघ्यावर ठेवला. हात तिथे आहे हे त्यांना कळत होतं का, मला माहीत नाही. मी गुडघा हलवला नाही.

रात्रीच्या मेजवानीला अण्णा यायलाच तयार नव्हते. "कोट जाळून कुठल्या तोंडाने जेवायला बसू?" मी त्यांना ओढून नेलं. कप्तान आले ते बँडमास्तरांचा कोट घालून. बटणं लागत नव्हती, बाह्या कोपराच्या जरा खाली संपत होत्या. सगळं सभागृह बघतंय, आणि अण्णा सरळ उठून त्यांच्यासमोर उभे राहिले. "तुमचा कोट मी जाळला," मोठ्याने म्हणाले. लपवायची सवय असलेला माणूस, चुणी, आणि एवढ्या लोकांसमोर.

कप्तानांनी त्यांची पट्टी बघितली. म्हणाले, "अहो, महिन्याभरात जहाजच मोडीत निघणार. तो कोट घालून मी काय भाजी आणायला जाणार होतो?" आणि त्यांना आपल्या शेजारी बसवून घेतलं. अण्णांना पाव कापता येईना तर कप्तानांनी कापून दिला, गप्पा न थांबवता. सूप संपता संपता खालून घरघर सुरू झाली आणि टेबलावरचे पेले हलायला लागले. इंजिन लागलं होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. लग्नाची बोलणी केलेल्या आजोबांनी शिट्टी मारली.

आज सकाळी उठलो तर अण्णा माझ्या पलंगाच्या कडेवर बसलेले. "रोज काय लिहिता हो तिला?"

"जे होतं ते."

"हातांचं लिहिलंत?"

"तुम्ही सांगू नका म्हणाला होतात."

त्यांनी गोल खिडकीतून बाहेर बघितलं. किनारा दिसायला लागला होता. "मी सांगितलं असं लिहू नका. मला नाही जमायचं ते. तुम्हाला दिसलं, असं लिहा."

म्हणून लिहिलं. मला दिसलं, चुणी. दिसलं तसं लिहिलं.

तिन्ही पत्रं बंदरावर उतरल्या उतरल्या टाकतो. पुढचं तुझ्यावर. तू रागावलीस तरी तो राग खरा असेल, एवढ्या वर्षांचा आहे, एका पत्राने कसा जाईल? पण निदान मुलगी म्हणून विकलं, हे जे झालंच नाही, त्याचा राग तरी नको.

तुझा


पुढचा रविवार
घरून

प्रिय चुणी,

तुला सकाळचा फोन माहीत आहे. तू बोललीस ते तुला माहीत, अण्णा बोलले ते त्यांना माहीत. मी फक्त इकडच्या बाजूला काय झालं ते लिहून ठेवतो. तुला ते दिसलं नाही, म्हणून.

अण्णा इथेच आहेत. बंदरावरून मी त्यांना त्यांच्या खोलीवर सोडायला निघालो होतो, पण पट्टी रोज बदलायची तर एका हाताने कशी बदलणार? 'चार दिवस' म्हणून आले. तुझ्या बाजूच्या कपाटात त्यांचे तीन शर्ट लटकताहेत. परवा मी त्यांना इथल्या मोठ्या दवाखान्यात नेलं. नसांचं दुखणं आहे. गेलेलं परत येणार नाही, पण पुढे वाढू नये म्हणून गोळ्या दिल्यात. आधी आले असते तर बरं झालं असतं, असं डॉक्टर म्हणाले.

पत्रं तुला पोहोचली असतील म्हणून तीन दिवस ते फोनपासून लांब बसत होते. वाजला की स्वयंपाकघरात जायचे आणि तिथून कान द्यायचे. माझ्या ग्रंथालयाचा फोन असला की भांडी उगाच मोठ्याने वाजायची.

आज वाजला तेव्हा मी स्टुलावर चढून दिवा बदलत होतो. हातात जुना दिवा, खिशात नवा. ओरडलो, "अण्णा, घ्या जरा!" मला खरंच वाटलं, गॅसवाल्याचा असेल.

त्यांनी उचलला. "हॅलो," म्हणाले. मी वरून बघतोय, तर ते हळूहळू खाली बसायला लागले, आणि खुर्ची होती दोन हात लांब. मी उडी मारून खुर्ची सरकवली. जुना दिवा फुटला. अण्णांचं लक्षही नव्हतं.

"हां," म्हणाले. "हां. ... नाही गं, दुखत नाही. तोच तर घोटाळा आहे." तू काय बोलत होतीस कोण जाणे, बराच वेळ बोलत होतीस. त्यांची मान हलत होती, हो, हो, हो. त्यांना फोन धड धरता येईना, कानावरून घसरत होता. मी पुढे होऊन धरणार, तेवढ्यात त्यांनी माझ्याकडे बघितलं, फोनवर तळवा ठेवला आणि घसा खाकरून म्हणाले, "जावईबापू, दूध संपलंय. जरा आणा."

दूध संपलेलं नव्हतं. सकाळीच मी त्यांच्यादेखत पातेलं भरून ठेवलं होतं.

"आणतो," म्हटलं. फोन धरलेल्या हाताच्या कोपराखाली दोन उशा रचून दिल्या, काचा गोळा केल्या, चपला घातल्या.

दुकानदाराने विचारलं, सकाळी नेलंत की? म्हटलं, पाहुणे आलेत. मग कोपऱ्यावर जाऊन वर्तमानपत्र घेतलं, तिथेच उभा राहून वाचलं, शेअर बाजाराचं पानसुद्धा. पिशवीतलं दूध कोमट झालं तेव्हा जिना चढलो. दाराशी थांबलो. आतून अण्णांचा आवाज येत होता, मोठा, तावातावाने: "अगं पण पाणी किती गरम घेतेस तू? रेशीम आहे ते! ... मग त्या हॉटेलवाल्यांना सांग ना तसं! ... नाही, नाही, तू आधी माझं ऐक..."

मी चपला काढल्याच नाहीत. परत खाली उतरलो.

तुझा